इंग्रजी वाक्यात सब्जेक्ट कुठे संपतो? नुसतं “कोण?” विचारून भागत नाही

पाटीपेन्सिल:

सातवी ते नववीच्या मुलांना इंग्रजी वाक्याचे सब्जेक्ट (उद्देश्य, ज्याविषयी वाक्य बोलतं तो भाग) आणि प्रेडिकेट (विधेय, त्याच्याविषयी जे सांगितलं तो भाग) असे दोन भाग पाडायला शिकवायचे आहेत. सगळीकडे एकच युक्ती सांगितलेली असते: क्रियापदाला “कोण?” विचारा, उत्तर येईल तो सब्जेक्ट, उरलेलं सगळं प्रेडिकेट. “बर्ड्स फ्लाय”, “माय सिस्टर रीड्स बुक्स” इथपर्यंत ती छान चालते. पण खालच्या वाक्यांत मुलं हमखास अडकतात.

१. द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉय. (उत्तर येतं “द बॉय”.)
२. द बॉय सिटिंग निअर द डोअर स्पीक्स थ्री लँग्वेजेस. (“सिटिंग”पासून प्रेडिकेट धरतात.)
३. वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज निअर द रिव्हर. (“माय फ्रेंड्स” म्हणतात.)
४. निअर द गेट स्टुड अ ट्री. (“द गेट” म्हणतात, कारण ते आधी येतं.)
५. देअर आर टू विंडोज इन द रूम. (“देअर”.)
६. क्लोज द डोअर. (“द डोअर”, नाहीतर “सब्जेक्टच नाही”.)

प्रत्येक प्रकाराला वेगळा नियम पाठ करून घ्यायचा नाहीये. सगळीकडे लागू पडेल आणि मुलांना स्वतःचं उत्तर स्वतः तपासता येईल अशी पद्धत हवी आहे. शिवाय ही चूक मुळात येते कुठून, हेही समजून घ्यायचं आहे.

स्वल्पविराम:

“कोण?” हा प्रश्न चुकीचा नाही. तो मराठीतून विचारला जातो, तिथे गफलत होते. पहिलंच वाक्य बघा. मूल मनातल्या मनात “खिडकी कोणी फोडली?” असं विचारतं आणि उत्तर येतं “मुलाने”. पण इंग्रजी वाक्यातलं क्रियापद “ब्रोक” नाही, “वॉज ब्रोकन” आहे. ते जसंच्या तसं उचलून इंग्रजीतच विचारा: “व्हॉट वॉज ब्रोकन?” उत्तर एकच येतं, “द विंडो”. प्रश्न विचारताना क्रियापदाच्या एकाही शब्दाला हात लावायचा नाही, हे मुलांना पहिल्या तासालाच सांगा.

आता चूक कुठून येते ते. “मुलाने निबंध लिहिला, मुलाने चिठ्ठी लिहिली, मुलाने पत्र लिहिलं.” लिहिणारा तोच आहे, पण क्रियापद निबंध, चिठ्ठी आणि पत्राच्या मागे जातंय. “मला तो आवडतो, मला ती आवडते” इथेही तेच. मराठीत क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे चालतं, कधी कर्माप्रमाणे, आणि भावे प्रयोगात दोघांनाही विचारत नाही. त्यामुळे आपण कर्ता अर्थावरून ओळखायला शिकतो: क्रिया करणारा कोण? इंग्रजीत अशी मोकळीक नाही. तिथे क्रियापद फक्त सब्जेक्टचं ऐकतं. “आय लाइक हिम, आय लाइक देम” यात आवडणारी माणसं वाढली तरी “लाइक” हलत नाही. “शी लाइक्स हिम” म्हटलं की लगेच हलतं. म्हणून मुलांना क्रिया करणारा शोधायला लावू नका. आधी क्रियापद शोधायला लावा आणि मग ते कोणाचं ऐकतंय ते बघायला सांगा. क्रम उलटा झाला की निम्म्या चुका तिथेच थांबतात.

क्रियापद शोधायचं काळ बदलून. वाक्य वर्तमानात असेल तर भूतकाळात न्या, भूतकाळात असेल तर वर्तमानात आणा. जो शब्द बदलावाच लागतो तो काळ दाखवणारा शब्द, म्हणजे खरं क्रियापद. दुसरं वाक्य भूतकाळात नेलं की “द बॉय सिटिंग निअर द डोअर स्पोक थ्री लँग्वेजेस” असं होतं. “स्पीक्स”चं “स्पोक” झालं, “सिटिंग” जागचं हललं नाही. म्हणजे “सिटिंग” इथे क्रियापदाचं काम करत नाहीये. क्रियापद दोन-तीन शब्दांचं असेल तर त्यातला पहिला शब्द बदलतो: “इज रीडिंग, वॉज रीडिंग”, “हॅज गॉन, हॅड गॉन”, “कॅन स्विम, कुड स्विम”.

इथे एक अडचण येते. “पुट, कट, हिट, सेट, शट” ही क्रियापदं भूतकाळातही तशीच राहतात आणि “मस्ट” बदलतच नाही. “दे पुट देअर बॅग्ज इन द कॉर्नर” हे वाक्य काळ बदलूनही तसंच दिसतं. अशा वेळी सब्जेक्ट एकवचनी करून बघा. “ही पुट्स हिज बॅग” म्हटलं की क्रियापद उघडं पडतं. “मस्ट”सारखा शब्द दिसला की तोच पहिला शब्द धरायचा, शंका घ्यायची गरज नाही.

क्रियापद सापडलं की सब्जेक्ट कुठे संपतो हे ठरवायला सगळ्यात भरवशाची कसोटी म्हणजे हो-नाहीचा प्रश्न करणं. वाक्यात सहायक क्रियापद (“इज, आर, हॅज, कॅन” यांसारखं) असेल तर ते उडी मारून पुढे जातं, आणि ज्या शब्दांवरून उडी मारली ते सगळे शब्द मिळून सब्जेक्ट. “द बुक्स ऑन द टॉप शेल्फ आर ओल्ड” याचा प्रश्न “आर द बुक्स ऑन द टॉप शेल्फ ओल्ड?” असा होतो. “आर”ने सहा शब्द ओलांडले, तो पूर्ण सब्जेक्ट. सहायक क्रियापद नसेल तर “डू, डझ, डिड” घाला: “डझ द बॉय सिटिंग निअर द डोअर स्पीक थ्री लँग्वेजेस?” “डझ”पासून “स्पीक”पर्यंत मध्ये जे काही आहे तो सब्जेक्ट. “सिटिंग निअर द डोअर” आत आलं की बाहेर राहिलं, हा वाद उरतच नाही.

या कसोटीला एक गळती आहे, ती मुलांना आधीच दाखवून ठेवा. “माय सिस्टर ऑफन रीड्स बुक्स” याचा प्रश्न “डझ माय सिस्टर ऑफन रीड बुक्स?” होतो, आणि “ऑफन” मध्ये येऊन बसतं. ते सब्जेक्टमध्ये नाही. “ऑलवेज, ऑफन, नेव्हर, ऑल्सो” हे शब्द असे मध्ये घुसतात. तपासायला पूर्ण सब्जेक्टच्या जागी “ही, शी, इट, दे” यांपैकी एक ठेवा: “शी ऑफन रीड्स बुक्स.” “शी”ने “माय सिस्टर” गिळलं, “ऑफन” बाहेरच राहिलं. म्हणजे सब्जेक्ट आणि प्रेडिकेट वेगळे करणारी रेघ “सिस्टर”नंतर.

शाईचा डाग:

वरच्या पद्धतीत एक कसोटी जोडा, तिसऱ्या वाक्यासाठी ती लागेलच: वचन बदलून बघणं. सब्जेक्टमध्ये दोन-तीन नामं असली की त्यातलं मुख्य कोणतं हे एवढ्यावरून कळतं. ज्या नामाचं वचन बदलल्यावर क्रियापद बदलावं लागतं ते मुख्य, बाकीची त्याच्या आधाराने आलेली.

“अ बॉक्स ऑफ पेन्सिल्स इज ऑन द टेबल.” “पेन्सिल्स”चं “चॉक” करा, “इज” तसंच राहतं. “बॉक्स”चं “बॉक्सेस” करा, लगेच “आर” लागतं. म्हणजे मुख्य शब्द “बॉक्स”. “वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज” यात “वन”च्या जागी “टू” घातलं की “टू ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह” होतं, म्हणून मुख्य शब्द “वन”. ही कसोटी वर्तमानकाळातच घ्या. भूतकाळात “वॉज, वर” सोडलं तर इंग्रजी क्रियापद वचनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे “लिव्ह्ड” ठेवून काहीच कळणार नाही.

यामागचा नियम सोपा आहे. “ऑफ, इन, ऑन, निअर, विथ, फ्रॉम” अशा प्रिपोझिशनच्या पाठीमागे आलेलं नाम त्या प्रिपोझिशनला बांधलेलं असतं, ते सब्जेक्टचा मुख्य शब्द होऊ शकत नाही. मुलांना वाक्यातल्या अशा प्रत्येक गटाखाली पेन्सिलीने पुसट रेघ ओढायला सांगा आणि उरलेल्या नामांतच मुख्य शब्द शोधायला लावा. “द कलर ऑफ द वॉल्स इन दीज रूम्स लुक्स डल” इतकं लांब वाक्यही मग “द कलर लुक्स डल” एवढंच उरतं. फक्त एक जपा. रेघ ओढलेले शब्द मुख्य शब्दात येत नाहीत, पण पूर्ण सब्जेक्टमध्ये ते असतातच. “वन ऑफ माय फ्रेंड्स” हा पूर्ण सब्जेक्ट, “वन” हा त्यातला गाभा. प्रश्नात कोणता मागितलाय ते वाचल्याशिवाय उत्तर लिहू देऊ नका.

नियमाला अपवाद आहेत आणि ते परीक्षेत वारंवार येतात. “अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट” पण “द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल”. पहिल्यात “अ नंबर ऑफ” म्हणजे नुसतं “बरेच”, त्यामुळे क्रियापद विद्यार्थ्यांच्या मागे जातं. दुसऱ्यात संख्येविषयीच बोलणं चाललंय. “मोस्ट ऑफ, सम ऑफ, हाफ ऑफ” यांत पुढचं नाम बघावं लागतं: “मोस्ट ऑफ द वॉटर इज क्लीन”, “मोस्ट ऑफ द बुक्स आर न्यू”.

“अलाँग विथ, ॲज वेल ॲज, टुगेदर विथ” हे शब्द जोडी करत नाहीत. “द कॅप्टन, अलाँग विथ द प्लेअर्स, इज वेटिंग” हेच बरोबर. जोडी फक्त “अँड” करतो: “द कॅप्टन अँड द प्लेअर्स आर वेटिंग.” “आयदर-ऑर” आणि “नायदर-नॉर” असेल तर लेखी इंग्रजीत क्रियापद जवळच्या नामाचं ऐकतं: “नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स आर रेडी.” सब्जेक्ट म्हणून मात्र दोन्ही नामं मिळून लिहायची.

“सिटिंग”पेक्षाही फसवं प्रकरण “बॉट, फाउंड, मेड, टोल्ड” यांचं आहे, कारण ही रूपं भूतकाळाची आणि पास्ट पार्टिसिपलची (“वॉज ब्रोकन”मधल्या “ब्रोकन”सारखं रूप) सारखीच दिसतात. “द चेअर्स बॉट लास्ट इयर ब्रोक.” मूल “बॉट”ला क्रियापद धरतं आणि “ब्रोक”चं काय करायचं ते न सुचून ते तसंच सोडून देतं. स्वल्पविराम यांची “डिड”वाली कसोटी इथे चोख चालते. “डिड द चेअर्स बाय लास्ट इयर ब्रोक?” याला काही अर्थ नाही. “डिड द चेअर्स बॉट लास्ट इयर ब्रेक?” हे नीट बसतं. अजून एक ताळा: “बॉट”च्या आधी “दॅट वर” घालून बघा. “द चेअर्स दॅट वर बॉट लास्ट इयर ब्रोक” बसलं, म्हणजे “बॉट” खुर्च्यांचं वर्णन करतंय आणि सब्जेक्टच्या आतच आहे.

पाटीपेन्सिल:

“डिड” घालून प्रश्न करण्याची कसोटी उत्तम आहे. पण चौथ्या आणि पाचव्या वाक्यात ती चालत नाही असं दिसतंय. “डिड निअर द गेट स्टँड अ ट्री?” हे बरोबर इंग्रजीच नाही. आणि “आर देअर टू विंडोज इन द रूम?” यात “आर”ने “देअर”वरून उडी मारली, म्हणजे या कसोटीने “देअर”च सब्जेक्ट ठरतो. मग मुलांचं उत्तर बरोबर मानायचं का?

कानामात्रा:

चौथं आधी. उलटं फिरवलेलं वाक्य आधी सुलटं करायचं आणि मग कसोटी लावायची: “अ ट्री स्टुड निअर द गेट.” सुलटं करताना कोणता तुकडा पुढे आणायचा हे कळलं नाही तर वचन बदला. “निअर द गेट स्टँड्स अ ट्री”, “निअर द गेट स्टँड टू ट्रीज”. झाडं वाढली की “स्टँड्स”चा “स” गळतो. गेट कितीही वाढवा, क्रियापद ढिम्म. याहून छान खूण सर्वनामाची आहे. जागा दाखवणाऱ्या शब्दाने सुरू होणाऱ्या उलट्या वाक्यात सब्जेक्टच्या जागी सर्वनाम घातलं की ते आपसूक क्रियापदाच्या आधी येतं: “हिअर कम्स द बस”, पण “हिअर इट कम्स”. जो तुकडा सर्वनाम होऊन पुढे सरकला तो सब्जेक्ट.

“नेव्हर हॅव आय सीन सच अ स्टॉर्म”, “हार्डली हॅड ही सॅट डाउन” यांत प्रेडिकेट दोन तुकड्यांत फुटतं आणि सब्जेक्ट मधोमध येतो. उत्तर लिहिताना सब्जेक्ट “आय”, प्रेडिकेट “हॅव नेव्हर सीन सच अ स्टॉर्म” असं क्रम लावून लिहावं. साध्या वाक्याच्या सुरुवातीला आलेली वेळ किंवा जागाही प्रेडिकेटमध्येच जाते. “इन द मॉर्निंग, द स्ट्रीट्स आर एम्प्टी” यात सब्जेक्ट फक्त “द स्ट्रीट्स”.

“देअर”बाबत तुम्ही नेमकी जागा पकडली आहे. या वाक्यात सब्जेक्टची दोन कामं दोघांत वाटली गेली आहेत. जागा “देअर”ने घेतली: प्रश्नात उडी त्याच्यावरून पडते, टॅगमध्येही (वाक्याच्या शेवटी जोडतात त्या छोट्या प्रश्नात) “आरन्ट देअर?” येतं. पण क्रियापद ऐकतं “विंडोज”चं: “देअर इज अ विंडो”, “देअर आर टू विंडोज”. शालेय व्याकरण क्रियापद कोणाचं ऐकतं याला महत्त्व देतं, म्हणून परीक्षेत सब्जेक्ट “टू विंडोज”, प्रेडिकेट “आर इन द रूम”, आणि “देअर” हा फक्त वाक्य सुरू करणारा शब्द. आधुनिक वाक्यविचारात “देअर”लाच सब्जेक्ट म्हणणारे बरेच आहेत. मुलाने “देअर” का लिहिलं हे त्याला सांगता आलं तर त्याचं निरीक्षण चांगलंच म्हणायला हवं, पण पेपरात “टू विंडोज”च लिहायला सांगा.

“देअर गोज द ट्रेन” हे मात्र वेगळं. तिथलं “देअर” खरोखर जागा दाखवतं, बोलताना त्यावर जोर येतो, आणि सर्वनाम घातलं की “देअर इट गोज” होतं.

स्वल्पविराम:

कानामात्रा यांच्याशी सहमत. फक्त सातवीला ही दोन मतं सांगू नका असं मला वाटतं. त्या वयात “क्रियापद कोणाचं ऐकतं” हा एकच धागा पक्का व्हायला हवा. नववीला जरूर सांगा.

“देअर”च्या जोडीने “इट”ही घ्या. “इट इज रेनिंग” यात “इट” कशाबद्दलही बोलत नाही, पण सब्जेक्ट तोच. “पाऊस पडतोय” असं मनात आणून मुलं “रेन”ला सब्जेक्ट म्हणतात, जे वाक्यात नाहीच. “इट इज हार्ड टु प्लीज हिम” यात मात्र शेवटचा तुकडा पुढे आणता येतो: “टु प्लीज हिम इज हार्ड.” पुढे आणता आला म्हणजे खरा सब्जेक्ट तो, “इट” त्याची जागा धरून बसलाय. “इट इज अ गुड बुक” हे तिसरं, साधं सर्वनाम. शेवटचा तुकडा उचलून पुढे ठेवून बघितला की मधला प्रकार बाकी दोघांपासून वेगळा पडतो.

कानामात्रा:

सहावं वाक्य राहिलं. “क्लोज द डोअर” यात सब्जेक्ट “यू”, अध्याहृत. हे मुलांना मानायला सांगण्यापेक्षा सिद्ध करून दाखवा. “हेल्प युवरसेल्फ” बरोबर, “हेल्प हिमसेल्फ” चूक. वाक्यात “युवरसेल्फ” चालतं, याचा अर्थ “यू” आत आहेच. टॅगही “विल यू?” असा येतो. उत्तरात “यू” कंसात लिहायचा आणि पूर्ण वाक्य प्रेडिकेटमध्ये.

हाक मारलेलं नाव सब्जेक्ट नसतं. “रवी, क्लोज द डोअर” आणि “रवी क्लोझेस द डोअर” शेजारी शेजारी लिहा. पहिल्यात रवीनंतर स्वल्पविराम आहे आणि क्रियापदाला “स” नाही, कारण ते रवीचं नाही तर “यू”चं ऐकतंय. “लेट हिम गो” यातही सब्जेक्ट “यू”च. “हिम” हे रूपच सांगतं की तो सब्जेक्ट नाही, नाहीतर “ही” असतं. उपयोगाची खूण आहे ही: “मी (“आय”चं कर्मरूप), हिम, हर, अस, देम” या रूपांत दिसलेला शब्द शालेय व्याकरणात वाक्याचा सब्जेक्ट म्हणून धरायचा नाही.

अर्धविराम:

प्रश्नार्थक वाक्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. “हू ब्रोक द ग्लास?” आणि “हू डिड यू मीट?” या दोन्हींत मुलं “हू”ला सब्जेक्ट म्हणतात. आणि “स्विमिंग” कधी सब्जेक्ट असतं, कधी नसतं, ते कसं ओळखायचं?

शाईचा डाग:

प्रश्नाच्या उत्तराचं वाक्य लिहा आणि उत्तराच्या जागी रिकामी रेघ ठेवा. “____ ब्रोक द ग्लास.” रेघ क्रियापदाआधी आली, म्हणून “हू” सब्जेक्ट. “यू मेट ____.” रेघ शेवटी गेली, सब्जेक्ट “यू”. झटपट खूण अशी की साध्या काळात “डू, डझ, डिड” दिसलं तर सब्जेक्ट त्याच्या लगेच नंतर असतो. ते नसेल आणि क्रियापद सरळ लागलं असेल तर प्रश्नाचा शब्दच सब्जेक्ट. “विच टीम वन द मॅच?” यात पूर्ण सब्जेक्ट “विच टीम”, नुसतं “विच” नाही.

“स्विमिंग”साठी ही दोन वाक्यं पुरेत. “स्विमिंग अक्रॉस द रिव्हर टेक्स ॲन अवर.” “स्विमिंग अक्रॉस द रिव्हर, द बॉय गॉट टायर्ड.” पहिल्यात पूर्ण तुकड्याच्या जागी “इट” ठेवा: “इट टेक्स ॲन अवर.” बसलं, म्हणजे तो सब्जेक्ट. दुसऱ्यात “इट, द बॉय गॉट टायर्ड” होतं, निरर्थक. तिथे तो तुकडा मुलाविषयी जास्तीची माहिती देतोय आणि त्यानंतर स्वल्पविराम आहे. “व्हॉट ही सेड वॉज ट्रू” यालाही हीच कसोटी: “इट वॉज ट्रू”, म्हणून “व्हॉट ही सेड” हे अख्खं उपवाक्य सब्जेक्ट. “सेड” आणि “वॉज” अशी दोन क्रियापदं बघून गोंधळायचं नाही. “सेड”ला “ही” मिळालाय, “वॉज”ला अख्खा तुकडा.

“अँड” असलेल्या वाक्यांत रेघ किती वेळा मारायची तेही ठरवून द्या. “मीरा सँग अँड प्लेड द फ्लूट” यात सब्जेक्ट एक, रेघ एक, दोन्ही क्रियापदं प्रेडिकेटमध्ये. “मीरा सँग अँड हर ब्रदर प्लेड द फ्लूट” यात दोन वाक्यं जोडली आहेत, रेघा दोन. “अँड”नंतर नवा सब्जेक्ट आलाय का, एवढंच बघायचं.

स्वल्पविराम:

फळ्यावर दाखवायला आकृतीची पद्धत चांगली. अमेरिकेतल्या रीड आणि केलॉग या दोन शिक्षकांनी १८७७ मध्ये ती मांडली. एक आडवी रेघ ओढायची. तिला पूर्ण छेदून खाली जाणारी उभी रेघ मारायची. डावीकडे सब्जेक्टचा फक्त मुख्य शब्द, उजवीकडे फक्त क्रियापद. कर्म असेल तर क्रियापदानंतर एक छोटी उभी रेघ, पण ती आडव्या रेघेवर टेकते, खाली जात नाही. “इज, वॉज, सीम्स” यांच्यानंतर विशेषण किंवा नाम आलं तर उभीऐवजी सब्जेक्टकडे झुकलेली तिरकी रेघ. बाकी सगळं, म्हणजे “द, माय, ऑफ माय फ्रेंड्स, निअर द रिव्हर”, ज्या शब्दाला चिकटतं त्याच्याखाली तिरक्या रेघेवर लटकवायचं. “फ्रेंड्स” खाली लटकलेला दिसला की तो सब्जेक्टचा मुख्य शब्द नाही हे पुन्हा सांगावं लागत नाही.

आकृतीत मुलं एक चूक फार करतात: उजवीकडे फक्त क्रियापद असतं म्हणून प्रेडिकेट विचारल्यावरही फक्त क्रियापद लिहितात. पूर्ण प्रेडिकेट म्हणजे छेदणाऱ्या रेघेच्या उजवीकडचं सगळं, खाली लटकलेल्यासकट.

पाटीपेन्सिल:

सगळ्यांचे आभार. सरावाला हे वाक्य द्यायचा विचार आहे, तपासून सांगाल का? “द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स फाउंड अंडर द स्टेअर्स बिलाँग्ज टु द वुमन हू वन्स लिव्ह्ड हिअर.” मी “स्टेअर्स”नंतर रेघ मारली आहे.

शाईचा डाग:

रेघ बरोबर आहे आणि वाक्यही चांगलं निवडलंय. क्रियापदासारखे दिसणारे शब्द तीन आहेत. वाक्य भूतकाळात नेलं की “बिलाँग्ज”चं “बिलाँग्ड” होतं. “फाउंड” हलत नाही, त्याच्याआधी “दॅट वॉज” बसतं, म्हणून ते सब्जेक्टच्या आत. “लिव्ह्ड” खरं क्रियापद आहे, पण त्याला “हू” हा स्वतःचा सब्जेक्ट मिळालाय. “हू वन्स लिव्ह्ड हिअर” हे उपवाक्य “वुमन”चं वर्णन करतं, आणि “वुमन” “टु”ला बांधलेली, म्हणून सगळं प्रेडिकेटमध्ये. ताळा “डझ द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स फाउंड अंडर द स्टेअर्स बिलाँग टु...” असा जुळतो.

मुलं मुख्य शब्द “लेटर्स” लिहितील, कारण “फाउंड” त्याला जवळचा वाटतो. “लेटर्स”चं “लेटर” करायला लावा, “बिलाँग्ज” तसंच राहील. मग “बॉक्स”चं “बॉक्सेस” करायला लावा.

कानामात्रा:

आणि त्याच वाक्याची बहुवचनी जोडीही सरावात ठेवा, “द बॉक्सेस ऑफ ओल्ड लेटर्स... बिलाँग”. “हू वन्स लिव्ह्ड”मधला “वन्स” कुठे जातो असं कोणी विचारलंच तर तो “लिव्ह्ड”चा, त्या उपवाक्याच्या प्रेडिकेटमधला. मुख्य रेघेवर त्याचा काही परिणाम नाही.